अजून ओलं आहे

आम्हा पॉलिशवाल्यांच्या धंद्यात खोटं दोनच प्रकारचं असतं. एक, "उद्या या." दुसरं, "अजून ओलं आहे." पहिल्यावर आता शेंबडं पोरही विश्वास ठेवत नाही. दुसऱ्यावर मात्र ठेवावाच लागतो, कारण ओल्या पॉलिशला बोट लागलं की ठसा उमटतो आणि तो जन्मभर दिसत राहतो. म्हणून काम झालेलं नसलं, की दार असो, टेबल असो, ते भिंतीकडे तोंड करून उभं करायचं आणि गिऱ्हाईक आत शिरायच्या आधीच ओरडायचं, हात लावू नका हो, ओलं आहे! माझं अर्धं आयुष्य असं ओरडण्यात गेलं. दाजींना ही युक्ती ठाऊक होती. माझ्याच शेडमध्ये बसून त्यांनी ती शंभरदा ऐकली असेल, आणि गिऱ्हाईक गेल्यावर दोघं मिळून हसलोही असू.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एका हॉटेलात रोज संध्याकाळी ते गिटार वाजवायचे. विजेवर चालणारी, चपटी, लाल रंगाची गिटार. लोक जेवणार, हे वाजवणार. लग्नाची बोलणी करायला आले तेव्हा आमच्या वडिलांनी विचारलं होतं, "आपण काय करता?" दाजी म्हणाले, "वाजवतो." वडील म्हणाले, "ते झालं हो, पण करता काय?" हा किस्सा दाजी स्वतःच सांगायचे, वडिलांचा घोगरा आवाज काढून. वडील जाऊन जमाना झाला, पण किस्सा काही थांबला नाही.

माणूस सडपातळ, शर्टाला कडक इस्त्री, बुटात तोंड बघून घ्यावं. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. मी उलटा. माझं डोकं थिनरसारखं, काडी दाखवायचा अवकाश. तरी आमचं जमायचं. दुपारी घरकाम आटपून ताई आडवी झाली की हे हळूच घराबाहेर पडायचे आणि हॉटेलात जायच्या आधी माझ्या शेडमध्ये येऊन बसायचे. रंगाचा एक रिकामा डबा पालथा घातलेला असायचा, ती त्यांची खुर्ची. आल्या आल्या वर बघून म्हणायचे, "तुझा पंखा बेसूर आहे रे. अर्धा सूर खाली." मी म्हणायचो, "वारा सुरात येतोय ना? मग बस झालं." पंख्याला तेल घाल, असं ते मला किती वर्षं सांगत होते, आणि मी किती वर्षं घालत नव्हतो.

दाजींचं नाव कुठल्या फलकावर लागलं नाही. हॉटेलात येणाऱ्यांनाही ते माहीत नसावं. पण एक जागा त्यांची होती. एका तुकड्यात अशी वेळ यायची, की डावा हात गिटारच्या दांडीच्या पार खालच्या टोकापासून निघायचा आणि एका दमात सरसरत वर जायचा, मध्ये कुठं श्वाससुद्धा न घेता. मी तिला 'सरसर' म्हणायचो. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण एकदा त्याच हॉटेलात मी आतल्या काउंटरला पॉलिश मारत होतो आणि बाहेर सरसर आली. ताटावरचे चमचे थांबले. वेटर हातात ट्रे घेऊन उभाच राहिला. मी तेवढा थांबलो नाही, कारण ओली कड वाळली की जोड दिसतो. पण अंगावर काटा आला होता, आणि त्या काउंटरवर एक जागा अजून अशी आहे, जिथं माझा हात जरासा हललेला दिसतो.

तर एका दुपारी दाजी गिटारची पिशवी पाठीला लावून आले. एरवी गिटार थेट हॉटेलात जायची, माझ्या धुळीत ती कधी आणत नसत. डब्यावर बसले, पंख्याबद्दल काही बोलले नाहीत. मी ओळखलं, ताकाला आलेत आणि भांडं लपवताहेत.

"काय झालं?"

"ही दांडी बघ जरा. चिकटते."

मी बघितली. मागून गोल, लांब, फिकट लाकूड आणि त्यावर कारखान्यातलं जाड, पिवळट, काचेसारखं पॉलिश. कुठं फोड नाही, कुठं पापुद्रा नाही. काय हात होता तो मारणाऱ्याचा! मी म्हटलं, "दाजी, हे सोनं आहे. ह्यात खोट काढाल तर जीभ झडेल."

"तुला सोनं, मला गूळ. वर दिवे असतात, घाम येतो, अंगठा अर्ध्यात चिकटून बसतो. हे सगळं काढून टाक. लाकूड उघडं कर."

मला रागच आला. लोक माझ्याकडे चमक आणायला येतात. खरवडून न्यायला आलेलं माझ्या उभ्या हयातीत हे पहिलं गिऱ्हाईक, आणि तेही घरचं. मी म्हटलं, "मग सुताराकडे जा. पॉलिशवाल्याकडे येऊन पॉलिश काढ म्हणणं म्हणजे न्हाव्याकडे जाऊन केस वाढव म्हणण्यासारखं आहे." दाजी हसले, पण वरवर. मग खाली बघत त्यांनी खरं काय ते सांगितलं.

सरसर येत नव्हती. काही महिन्यांपासून अर्ध्यावर अडकत होती. त्यांच्या चौघांच्या गटाचा मुख्य म्हणजे कीबोर्डवाला. त्यानं आधी सांभाळून घेतलं, मग म्हणाला, तो भाग गाळू या. दाजी म्हणाले, दोष नेकचा आहे. ते दांडीला नेक म्हणायचे. त्यावर मागून ड्रमवाला हसून म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं." सगळे हसले. दाजीही हसले म्हणे. शेवटी कीबोर्डवाल्यानं सांगून टाकलं, येत्या शनिवारी तो तुकडा वाजवा. जमला तर प्रश्नच नाही. नाही जमला तर एक नवा वाजवणारा बघून ठेवलाय, तुम्ही आता आराम करा.

"आराम करा!" मी ब्रश आपटला. "आणि त्या ढोलबडव्याला सांगा, अंगण वाकडं असतंही कधी कधी. मी किती घरांची अंगणं बघितलीत!"

"म्हणून तर तुझ्याकडे आलो," दाजी म्हणाले.

चहा आला. पूर्वी दाजी ग्लास डाव्या हाताच्या दोन बोटांत असा धरायचे की जणू सिगारेटच. त्या दिवशी त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. मला दिसलं. दिसलं, पण बघितलं नाही असं मी केलं आणि म्हटलं, "ठेवून जा. करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ताई शेडच्या दारात हजर. तिला धुळीचा खोकला येतो म्हणून ती कधी आत येत नाही. पदर नाकाला लावून बाहेरूनच म्हणाली, "हे आले होते ना काल?"

"आले होते. दांडी घासायचीय."

"दांडीला काही झालेलं नाही. अंगठ्याच्या मुळाशी दुखतं त्यांच्या. सकाळी शर्टाची बटणं मी लावते. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत नाही, तर म्हणतात, हल्ली झाकणंच घट्ट करतात. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणतात, आधी नेक होऊ दे."

"मग मी काय करू ताई? नाही म्हणून सांगू?"

"खबरदार! तू घास. आणि तोंड उघडू नकोस. माझं तोंड मी इतके दिवस शिवून ठेवलंय, ते काय तू फाडायला?" तिनं पदरानं कपाळ पुसलं. दमलेली दिसत होती. आम्ही सगळेच दमलेले दिसतो आता, पण ताईचं दमणं वेगळं. दिवसभर कुणाचं तरी खोटं सांभाळणं हे अंगमेहनतीचं काम आहे. जाताना वळून म्हणाली, "आणि नीट घास हं. अर्धवट ठेवलंस तर म्हणतील, तुझ्यामुळेच अडलं."

दुपारी दाजी आले आणि कामाला लागलो. तारा ढिल्या करून काढल्या. मागच्या बाजूला चार स्क्रू असतात, ते काढले की दांडी अंगापासून सुटी होते. स्क्रू मीच काढले, त्यांनी नुसतं बोटानं दाखवलं. दांडी हातात घेतली तर लाटण्याहून जराशीच जड. एवढ्याशा लाकडावर माणसानं आयुष्य काढलं. पुढच्या बाजूला, जिथं पितळी रंगाच्या आडव्या पट्ट्या असतात, तिथं मी चिकटपट्टी लावून सगळं झाकलं. वरच्या डोक्यावर कंपनीचं नाव होतं, तेही झाकलं. काढायचं ते फक्त मागचं.

आधी थिनरचा बोळा फिरवला. पॉलिशला ढिम्म नाही, ते थिनरला हसत होतं. मी म्हटलं, गरम हवा मारून बघू का, तर दाजी डब्यावरून उठलेच. "नको! आत लोखंडी सळई आहे, डिंक आहे, वाकली तर?" मग राहिला एकच मार्ग, पात्यानं खरवडायचं. पोलादाचं सरळ पातं दोन्ही हातांत धरून रेषेच्या बाजूनं ओढायचं. पांढरे पापुद्रे वळून वळून खाली पडायला लागले. जोर जास्त झाला तर लाकूड जातं, आणि लाकूड गेलं की दांडीचा आकार गेला. दाजींच्या हाताला तो आकार पाठ. त्यांना बघवत नव्हतं आणि तिथून उठवतही नव्हतं. पात्याचा आवाज झाला की ते असे दात दाबून धरायचे, की जणू मी त्यांचीच पाठ खरवडतोय.

"तुम्ही जरा बाहेर फिरून या बघू," मी ओरडलो.

"मी काही बोललो का?"

"तुम्ही बोलत नाही तेच मला ऐकू येतंय!"

मग पॉलिशपेपर. आधी जाडा, मग मध्यम, मग बारीक. माझा खांदा हल्ली दुखतो, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. थिनरचा वास तर मला यायचाच बंद झालाय, बायको म्हणते कपडे बाहेर काढ, मी म्हणतो, कशाला? पण ते लाकूड हळूहळू उघडं पडत गेलं, साईच्या रंगाचं, आणि दुखणं जरा विसरलो. दाजींनी बजावून सांगितलं, "आता काही लावायचं नाही. थोडं तेल लावायचं आणि लगेच पुसून काढायचं. बस." असं सांगून ते हॉटेलात गेले. तेवढ्या दिवसांपुरती कुणाची तरी जुनी गिटार मिळाली होती.

आता इथं घोडं पेंड खातं. शेडमध्ये मी एकटा, समोर ती उघडी दांडी. ज्यांचा हा धंदा नाही त्यांना कळायचं नाही, पण आम्हाला उघडं लाकूड बघवत नाही. कोरड्या लाकडावर धूळ बसते, डाग पडतात, पाणी शिरतं. वडिलांनी लहानपणी कानफटात मारून शिकवलं होतं, लाकूड उघडं ठेवून घरी जायचं नाही. हातानं आपोआप डबा उघडला. मी म्हटलं, एक पातळ हात मारू, नुसता. वाळल्यावर घासला, छान झाला. मग म्हटलं, एकावर दुसरा असला की बसतो. जित्याची खोड म्हणतात ती हीच. कुलूप लावताना मी मागं वळून बघितलं, तर अंधारातही दांडी चमकत होती. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी दांडीचे स्क्रू आवळून दिले, दाजींनी तारा चढवल्या, सूर जुळवले. पंखा बंद करायला लावला. मग डावा हात खाली नेला आणि सरसर निघाली. अर्ध्यावर गेली आणि अडकली. दाजींचा चेहरा असा पडला की मला हातातला बोळा कुठं ठेवू कळेना. त्यांनी अंगठा मागं फिरवला, दांडी उलटी करून उजेडात धरली. कितीतरी वेळ बघत राहिले.

"तू काही लावलंस का रे ह्याला?"

मी मान खाली घातली. "नुसता हात मारलाय हो. पातळ."

मला वाटलं, आता जन्मात पहिल्यांदा आवाज चढवणार. पण दाजी हसायला लागले. कसे हसले म्हणून सांगू! डब्यावरून घसरायचे बाकी राहिले. "अरे गाढवा! म्हणजे तेच! परत तेच चिकटलं! मी म्हटलं नव्हतं तुला?" माझ्या पाठीत गुद्दा घातला, हातातली गिटार बाजूला ठेवून माझा हात धरून हलवला. ताईच्या लग्नातसुद्धा हा माणूस एवढा खुलला नव्हता. जाताना शीळ वाजवत गेला, आणि जाता जाता दारातून म्हणाला, "पंख्याला तेल घाल!"

ह्या वेळेला अंगण खरोखरच वाकडं होतं आणि ते वाकडं मी केलं होतं. त्यासाठी मला शिव्या मिळायला हव्या होत्या, आणि मिळाला तो असा आनंद. मी चूक करून त्यांना शनिवारपर्यंतची आशा दिली होती. ती आता माझ्याच हातानं घासून काढायची होती. नीट घास म्हणून ताईनं सांगितलं होतं. नाही घासलं तर शनिवारी अडेल आणि दोष माझ्या पॉलिशवर जाईल. घासलं तर दोष जायला जागाच उरणार नाही. काय करावं? एकदा वाटलं, थोडं ठेवावं. जन्मभर म्हणू देत, मेहुण्यानं घात केला. मला काय, माझ्या नावानं लोक रोजच ओरडतात.

पण हात ऐकेना. अर्धवट काम माझ्याच्यानं होत नाही, तेवढी एकच श्रीमंती माझ्याकडे आहे. परत पातं, परत पेपर, शेवटी इतका बारीक की घासताना आवाजही येईना. तेलाचा एक थेंब, लगेच पुसलं. रात्रभर वाळू दिलं, सकाळी जुन्या बनियनच्या कापडानं चोळलं. मग मी माझाच हात तिच्यावरून फिरवला. माझा हात कसला, तर भेगा पडलेला, थिनरनं खाल्लेला, रेशमी कापडावर फिरवला तर धागे निघावेत असा. तो हात खालपासून वरपर्यंत गेला आणि कुठं म्हणजे कुठं अडला नाही. मी परत फिरवला. नाही अडला. मग मी पायरीवर जाऊन बसलो.

शनिवारी दाजी लवकर आले. इस्त्री, बूट, केस, सगळं जागच्या जागी. मी दांडी आवळून दिली, त्यांनी तारा चढवल्या. मी न सांगता पंखा बंद केला. त्यांनी आधी नुसता अंगठा फिरवला आणि डोळे मिटले. "वा," म्हणाले, "हे बघ! हेच म्हणत होतो मी!" मी मान डोलावली.

सरसर निघाली. अर्ध्यावर थांबली.

दाजींनी हात झटकला, परत खाली नेला. परत तिथंच थांबली. तिसऱ्यांदा सावकाश निघाले, आणि तेव्हा मला स्पष्ट दिसलं, अंगठा चिकटत नव्हता, तो वाकायलाच तयार नव्हता. दाजींनी हात दांडीवरून काढला आणि तळवा समोर धरून त्याच्याकडे बघत राहिले. अनोळखी माणूस दारात यावा आणि आपण त्याला कोण पाहिजे विचारावं, तसं बघत होते. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती होत नव्हती.

मला राहवलं नाही. म्हटलं, "दाजी, एखादी रेष राहिली असेल. आणा, परत घासतो. अजून वेळ आहे संध्याकाळला."

त्यांनी उजव्या हाताचं बोट दांडीवरून खालून वर नेलं. म्हणाले, "नाही रे. काही राहिलं नाही. फार सुंदर झालंय. असं काम दुसऱ्या कुणी केलं नसतं."

आयुष्यभर लोकांनी माझ्या चमकेचं कौतुक केलं. चमक काढल्याचं कौतुक करणारे हे एकटे, आणि ते ह्या वेळेला. मला रडू आलं. सांगायला लाज कसली, ढसाढसा आलं. धुळीचं निमित्त करून मी तोंड पुसलं, तर दाजी म्हणाले, "लोक म्हणतील, पॉलिशवाला धुळीला रडतो," आणि त्यांनी गिटार पिशवीत भरली. पिशवीची साखळी लागेना. मी लावून दिली.

त्या संध्याकाळी त्यांनी तो तुकडा वाजवलाच नाही. ताईनं मला सांगितलं. सुरुवात व्हायच्या आधीच ते कीबोर्डवाल्याला म्हणाले, नव्या माणसाला सोमवारपासून बोलवा, नेक अगदी व्यवस्थित आहे. बाकीचं सगळं त्यांनी साथीला बसून वाजवलं आणि घरी येऊन ताईसमोर दोन्ही हात पुढं केले. "बटणं काढ," म्हणाले, "आणि डॉक्टरकडे कधी जायचं ते ठरव."

डॉक्टर म्हणाले, सांधा झिजलाय. दुखणं कमी होईल, पण गेलेलं परत येत नाही. एवढं ऐकायला त्यांच्या दारात लोक ताटकळत बसतात.

पुढच्या आठवड्यात दाजी शेडमध्ये आले. टॉवेलात गुंडाळलेली दांडी बरोबर. ह्या वेळी तिचे स्क्रू कुणाकडून सोडवून घेतले कोण जाणे.

"हिला परत चकचकीत कर. होती तशी."

मला वाटलं थट्टा करताहेत. "काय दाजी! काढता काढता मेलो आणि आता परत लावायचं?"

"त्या नव्या वाजवणाऱ्याला द्यायचीय. त्याच्याकडे धड गिटार नाही. त्याचा हात कोरडा आहे, त्याला चिकटत नाही. चमकत असली की त्याला आवडेल."

चकचकीत कर म्हटल्यावर खरं तर मी नाचायला हवं होतं, ते माझं काम. पण डबा उघडला आणि ब्रश बुडवायला हात जाईना. शेवटी गेला. एक हात, वाळलं की घासायचं, परत एक हात. घाई केली नाही. असा उजेड मी आजवर कुठल्या लाकडावर आणला नव्हता, कारखान्यातल्याच्या तोंडात मारेल असा. मग खिळ्याला तारेनं लटकवून ठेवली, धुळीपासून लांब, खिडकीशी.

दुपारी दाजी आले. "झाली?"

"अजून ओलं आहे," मी म्हटलं.

ते डब्यावर बसले. चहा झाला, दोन्ही हातांनी. पंख्याला नावं ठेवून झाली. हॉटेलात जायचं नव्हतं, त्यामुळे उठायची घाईही नव्हती. संध्याकाळ झाली तेव्हा घरी गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. "झाली?" "ओलं आहे हो. हवेत दमटपणा आहे." बाहेर ऊन रणरणत होतं. दाजी म्हणाले, "असेल." त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. ताईनं फोन करून विचारलं, "काय रे, असलं कसलं तुझं पॉलिश, वाळतच नाही?" मी म्हटलं, "घाई केली की बिघडतं." ती म्हणाली, "बरं. दुपारचं चहाबरोबर काहीतरी खायला घाल त्यांना. घरी जेवत नाहीत धड."

असे बरेच दिवस गेले. मग काल दाजी बोलता बोलता उठले आणि खिडकीशी गेले. मी एका कपाटाचं दार घासत होतो. "दाजी, हात लावू नका!" मी सवयीनं ओरडलो. तोवर त्यांनी डावा हात वर केला होता. हळू, दुखतं तसा. दांडीच्या मागं, बरोबर अर्ध्यावर, जिथं सरसर अडायची तिथं त्यांनी अंगठा टेकवला आणि दाबून धरला.

पॉलिश हाडासारखं कोरडं होतं. ठसा उमटायचं नावच नव्हतं. त्यांनी अंगठा काढून बघितला, मग त्या जागेकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पेपर हातात धरून नुसता उभा होतो. त्यांना सगळी युक्ती ठाऊक होती, मी कुठं तोंड लपवणार?

"हो रे," दाजी म्हणाले. "ओलंच आहे अजून. राहू दे."

आणि डब्यावर परत येऊन बसले आणि म्हणाले, "चहा सांग."